वाचकांचे प्रश्न : आजोबांची हत्यारे परगावी पाठवताना

प्रश्न : माझे आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पॅटर्न (ओतकामासाठीचे लाकडी नमुने) बनवणारे सुतार होते. त्यांची सागवानी हत्यारपेटी सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळी हत्यारे पुसली, खोबरेल तेल लावले आणि पेटी माळ्यावर ठेवून दिली. पेटीत तीन लाकडी रंधे, एक लोखंडी रंधा, सात-आठ पटाश्या, दोन किकरी (अरुंद पटाश्या), वाकस (लाकूड तासायचा), दोन करवती, सामता (भोके पाडायचा), गुण्या (काटकोन पाहायचा), पाणसळ (पातळी पाहायची), काही कानशी आणि एक पोलादी पट्टी आहे. ही पट्टी सदोष असावी, कारण शाळेच्या पट्टीशी तिचे इंच जुळत नाहीत. धाकटा भाऊ नागपूरला असतो. त्याला सुतारकामाचा छंद लागला असून त्याने ही सगळी हत्यारे मागितली आहेत. पेटी तशीच खिळे मारून बंद करावी, वरून गोणपाट शिवावे आणि पाठवून द्यावे, असा विचार आहे. हे योग्य होईल का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आधी पट्टीचे पाहू, कारण 'सदोष' म्हणून ती भंगारात जाण्याची मला धास्ती वाटते. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का, म्हणजे फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसते. त्यामुळे ज्या लाकडी नमुन्यावरून साचा घ्यायचा, तो नमुना तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाचा हिशेब मनात करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकर एक खास पट्टी वापरत. तिचे इंच मुळातच तेवढे लांब आखलेले असतात. आपल्या आजोबांचे काम पाहता आपली पट्टी बहुधा तीच आहे. साध्या फूटपट्टीशेजारी ठेवून पाहा. बारा इंचांवर एक अष्टमांशाचा फरक दिसला तर शंका उरणार नाही. तिच्यासोबत तसे लिहिलेली चिठ्ठी अवश्य ठेवा, नाहीतर भाऊ तिच्या मापाने कपाट करील आणि दार बसेना म्हणून आजोबांना दोष देईल.

आता पेटीविषयी. हत्यारांसह पेटी खिळे मारून पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासात जुन्या हत्यारांचे जे नुकसान होते, त्यातले थोडेच बाहेरून बसलेल्या धक्क्याने होते आणि पुष्कळसे शेजारच्या हत्याराने केलेले असते. घरी ती पेटी जागची हलत नव्हती, त्यामुळे पटाशीशेजारी हातोडी असली तरी बिघडत नव्हते. सांगली ते नागपूर या प्रवासात तीच पेटी चार-पाच वेळा उचलली, टेकवली आणि उलथवली जाईल. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका स्नेह्यांना अशीच लहान पेटी पाठवली होती. हातोडी सर्वांत वर ठेवून मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि झाकण घट्ट बसले म्हणून मी समाधानाने घरी आलो. वाटेत बोळे दबले, हातोडी मोकळी झाली आणि तिने पाणसळीची काचेची नळी तर फोडलीच, शिवाय शिसवी रंध्याच्या तोंडाचा कोपराही उडवला. खोक्याला बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता, त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे?

दुसरे कारण वजनाचे आहे. भरलेली पेटी तीस किलोच्या पुढे सहज जाईल. बारा-पंधरा किलोचे खोके माणूस उचलून खाली ठेवतो, तीस किलोची पेटी मात्र तो शेवटच्या वीतभर अंतरावरून सोडून देतो. म्हणून हत्यारे दोन-तीन खोक्यांत विभागावीत आणि पेटी रिकामी, स्वतंत्रपणे पाठवावी. हवाई कुरियरने पाठवायची झाल्यास एक हिशेब आधी करावा. या कंपन्या बहुतेक वेळा लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार पाच हजारांनी भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतले जे जास्त असेल त्यावर आकार लावतात. ७५ × ३५ × ३५ सेंटिमीटरची रिकामी पेटी प्रत्यक्षात नऊ किलोची असली तरी तिचे पैसे अठरा किलोंहून थोडे अधिक धरून द्यावे लागतील. अशा पेटीला मिरज जंक्शनवरून रेल्वे पार्सल किंवा रस्त्याने जाणारी माल वाहतूक बरी. गोणपाट मात्र शिवू नये. हळदीच्या गावात ते हाताशी असते हे खरे, पण ते दमट हवेतले पाणी धरून ठेवते आणि ओले झाल्यावर लवकर वाळत नाही.

पॅकिंगला हात लावण्यापूर्वी पुराची माती काढणे आवश्यक आहे. रंध्याच्या तोंडात, सामत्याच्या सांध्यात आणि करवतीच्या मुठीखाली ती अजूनही नक्की असणार. या मातीत ओल राहते आणि बंद खोक्यात तिथूनच गंज पसरू लागतो. खोबरेल तेल लावल्याने त्या वेळी काम भागले, परंतु सहा-सात वर्षांत ते खवट होऊन धुळीसकट चिकट झाले असेल. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते पुसून काढा. सैल, नारिंगी, बोटाला लागणारा गंज पितळी तारेच्या ब्रशने झाडा. काळसर, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि आम्ल यांपैकी काहीही वापरू नये. पटाशीच्या पात्यावर मुठीजवळ बनवणाऱ्याचा ठसा असतो, तो एकदा घासला गेला की परत येत नाही, आणि धार कशी लावायची हे भावालाच ठरवू द्या. पुसलेले लोखंड दोन दिवस उघड्यावर वाळवावे. लाकडी रंधे मात्र उन्हात ठेवू नयेत, सावलीतच वाळवावेत. त्यानंतर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन लोखंडावरून फिरवले तरी पुरे. तेल दिसू लागले तर ते जास्त झाले असे समजावे.

कोणत्या महिन्यात पाठवावे हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. सांगलीच्या पावसाळ्यात खोके भरणे म्हणजे दमट हवाही सोबत भरणे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की भरावे.

लाकडी रंध्यांवर थोडा अधिक वेळ खर्च करावा लागेल. प्रत्येक रंध्यातील पाते आणि पाचर बाहेर काढणे हे केवळ धारेच्या भीतीने करायचे नाही. पात्याची रुंदी कधी बदलत नाही, पण लाकूड कोरड्या हवेत आडवे आकसते. सांगलीच्या ओलीत फुगलेला रंधा नागपूरच्या उन्हाळ्यात आकसतो, आणि पाते आत घट्ट बसलेले असेल तर लाकडाला आकसायला जागा न उरल्याने रंध्याच्या बाजूची भिंत चिरते. पाते काढण्यासाठी रंधा डाव्या हातात असा धरा की अंगठा पात्यावर आणि पाचरेवर राहील, आणि मागच्या टोकावर लाकडी मोगरीने बेताने ठोका. दोन-तीन ठोक्यांत आवाज बदलतो, आधी भरीव येणारा ठोका पोकळ ऐकू येतो आणि पाचर अंगठ्याखाली सैल होते. पक्कड लावून ती उपटू नये. प्रत्येक पाचर तिच्याच रंध्याला तासून बसवलेली असते, त्यामुळे रंधा, पाचर आणि पाते यांना एकच क्रमांक द्यावा. हा क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधावा, लाकडावर पेनने लिहू नये. चिकटपट्टीही जुन्या लाकडावर थेट लावू नये, कारण काढताना ती आजोबांच्या हाताने आलेली झिलई सोबत घेऊन येते.

लोखंडी रंधा दिसायला दणकट असला तरी सर्वांत आधी तुटणारी वस्तू तीच आहे. त्याचे अंग ओतीव लोखंडाचे असते. ओतीव लोखंड धक्क्याने वाकत नाही, तडकते, आणि ते बहुधा तोंडापासच्या पातळ बाजूला तडकते. वरची टोपी आणि पाते सोडवून वेगळे गुंडाळावे. अंगाला जुन्या घोंगडीचे दोन वेढे द्यावेत आणि मागच्या लाकडी मुठीभोवती पुठ्ठ्याची घडी अशी बसवावी की वरून आलेला भार मुठीवर न येता तिच्या दोन्ही बाजूंना जाईल. हा रंधा खोक्याच्या तळाशी, तळवा खाली करून ठेवावा.

पटाश्या आणि किकऱ्यांच्या धारेवर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी बसवून ती सुतळीने बांधावी. बबल रॅप धारेपुढे एक तासही टिकत नाही. टोपणासाठी सायकलच्या ट्यूबचे तुकडेही वापरले जातात, परंतु रबरातील गंधकाने पितळ काळे पडते, त्यामुळे पितळी कडे असलेल्या मुठींपासून ते दूर ठेवावेत. नंतर जाड कापडाची, कप्पे शिवलेली गुंडाळी करून प्रत्येक पटाशी वेगळ्या कप्प्यात घालावी. करवतीच्या दातांवर बागेच्या जुन्या पाइपाचा लांबीत चिरलेला तुकडा चढवावा आणि पाते हार्डबोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून बांधावे. पट्ट्या करवतीपेक्षा दोन बोटे लांब असाव्यात, कारण टोकाला दाब येऊन पात्याला एकदा मोड पडली की ती सहसा पूर्ण जात नाही. कानशी प्रत्येकी वेगळ्या कागदात गुंडाळाव्यात. कठीण केलेल्या पोलादाचे दात एकमेकांवर घासले तर नवी कानसही पोहोचेपर्यंत बोथट होते.

धातूभोवती थेट वर्तमानपत्र गुंडाळू नये, ते ओल ओढून घेते. मिरज किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे यंत्रभाग बाहेर जातात, त्यांच्याकडे व्हीसीआय नावाचा गंजरोधक कागद असतो. त्यातून निघणारी वाफ धातूवर बसून त्याला राखते, म्हणून तो बंद प्लॅस्टिक पिशवीतच उपयोगी पडतो. तो न मिळाल्यास तेलाचे बोट फिरवून बटर पेपर वापरावा आणि पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. लाकडी अंगे मात्र प्लॅस्टिकमध्ये कोंडू नयेत, त्यांना बुरशी येते. त्यांना जुने सुती धोतर सर्वांत चांगले.

खोके नवे, पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे घ्यावे. किराणा दुकानातून आणलेले खोके दमट हवेत अर्धे मऊ झालेले असते. तळाला प्लायवुडचा तुकडा घालावा आणि चारी बाजूंनी दोन इंच गादी ठेवावी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा बाहेरगावी निघताना पाहिला असेल तर हे तत्त्व लगेच कळेल. भोपळा खोक्याच्या भिंतीला कुठेही टेकू द्यायचा नसतो. (त्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, तेव्हा नाजूक आणि धारदार अशा दोन्ही वस्तू हाताळण्याचे ज्ञान त्या गल्लीत पूर्वापार आहे.) गादीसाठी घोंगडीचे तुकडे, जुन्या चादरी किंवा पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या वापराव्यात. थर्मोकोल जड लोखंडाखाली भरडला जातो. सुताराच्या घरी भुसा सहज सुचतो, पण तो ओल धरतो आणि हादऱ्यांनी खाली बसत जातो, मग जड हत्यारे त्यातून बुडत तळाला जातात. उसाच्या पाचटाचा तर विचारही नको, त्यासोबत किडे जातील. पाणसळ मधल्या थरात, मऊ कपड्यात ठेवावी. वाकस दांड्यातून निघत असेल तर दांडा वेगळा करावा.

खोके बंद केल्यावर दोन्ही हातांनी उचलून हलवून पाहा. आतून खट् असा एकच आवाज आला तरी उघडून पुन्हा भरा. चिकटपट्टी वाया गेल्याची हळहळ वाटून घेऊ नये.

उघडणाऱ्याच्या हाताचाही विचार हवा. आतल्या पहिल्या झाकणावर ठळक अक्षरांत 'धारदार वस्तू, हात घालू नये' असे लिहावे आणि त्याखाली यादी ठेवावी. यादीची एक प्रत आणि भरण्याआधीची छायाचित्रे आपल्यापाशी असू द्यावीत. राहता राहिला एक शब्द. सुतार आपल्या साधनांना हत्यारे म्हणतो आणि आपणही पत्रात तसेच म्हटले आहे, पण पार्सलच्या फॉर्मवर 'हत्यारे' लिहिल्यास खिडकीपलीकडचा माणूस दचकेल. तिथे 'सुतारकामाची जुनी अवजारे' असे लिहावे.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या काळातील काही पटाश्या, एक शिसवी रंधा आणि शिंगाची मूठ असलेला एक सुरा माझ्या भाच्याला जर्मनीला पाठवायचा आहे. लाकडी खोके करून पाठवले तर चालेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : येथे पॅकिंगपेक्षा कायदा आधी येतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि त्या व्याख्येत गतकाळातील हस्तकलेची साक्ष देणाऱ्या वस्तूही येतात. पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याची खासगी व्यक्तीला परवानगी नाही. घरातली साधी पटाशी कोणी पुरावशेष मानील असे मला वाटत नाही, परंतु 'पणजोबांच्या काळातील' असे आपणच अभिमानाने फॉर्मवर लिहिले तर सीमाशुल्क विभागात प्रश्न उभा राहू शकतो. वयाबद्दल खरोखर शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. वय लपवण्याचा सल्ला मी देणार नाही.

शिंगाच्या मुठीचा सुरा पाठवू नये. ते शिंग सांबराचे असल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न येतो, आणि ते कोणाचे हे सिद्ध करण्यात आपला वेळ जाईल. शिसव २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, पण तयार वस्तूंमधील अशा लाकडाचे एकूण वजन एका पार्सलमध्ये दहा किलोपर्यंत असेल तर सूट आहे. एका रंध्याने ती मर्यादा ओलांडली जात नाही.

लाकडी खोक्याबाबत : कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर उष्णताप्रक्रिया झाल्याचा ठसा परदेशात मागतात. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सियसवर सलग तीस मिनिटे राखलेले असावे लागते, म्हणजे त्यातील कीड मरते. गल्लीतल्या वखारीतून फळ्या आणून केलेल्या खोक्यावर हा ठसा नसतो आणि त्यापायी आतल्या चांगल्या वस्तू अडकून पडतात. प्लायवुडला हा नियम लागू नाही, म्हणून प्लायवुडचे खोके करावे, आणि ते खिळ्यांऐवजी स्क्रूने बंद करावे, म्हणजे तपासणीसाठी उघडले तरी पुन्हा नीट लागेल. हत्यारे पुसायला वापरलेल्या टर्पेंटाइनचा वास येत असताना पार्सल देऊ नये. ज्वलनशील द्रव हवाई मार्गाने चालत नाहीत आणि नुसत्या वासावरूनही पार्सल बाजूला काढले जाऊ शकते. भाचा स्वतः येणार असेल तर सर्वांत सोपे म्हणजे त्याने चेक-इन सामानातून न्यावे. हातातल्या पिशवीत पटाशी ठेवली तर ती विमानतळावरच राहील.

प्रश्न : आमचे गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान केरळात होते, ते वडिलांनी आता बंद केले आहे. तिथला जुना पितळी काटा, वजने, चिमटे आणि मुशी (धातू वितळवायची भांडी) विट्याला आणायच्या आहेत. काटा उभा आणावा की आडवा?
— एक वाचक, विटे

उत्तर : उभाही नको आणि आडवाही नको, तो सुटा करून आणावा. काट्याची दांडी ज्या पोलादी धारेवर डोलते, ती धार हेच त्याचे सर्वस्व आहे. दांडी तिच्यावर टेकलेली असताना प्रवास झाला तर प्रत्येक हादऱ्याबरोबर धार बोथट होते आणि नंतर काटा गुंजभर फरक दाखवत नाही. दांडी उचलून मऊ कापडात वेगळी गुंडाळावी, पारडी साखळ्यांसह स्वतंत्र कागदात ठेवावीत आणि साखळ्या एकमेकींत गुंतणार नाहीत अशा बांधाव्यात. वजने उघड्या बोटांनी न हाताळता कोरड्या कापडाने धरून त्यांच्या डबीतच ठेवावीत. त्यांना तेल लावू नये, तेलाचेही वजन होते.

मुशी ओल धरतात. आणल्यावर त्या थेट भट्टीत घालू नयेत, आधी मंद आचेवर पूर्ण वाळवाव्यात, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन त्या तडकतात. वाटेत त्यांच्यात काहीही भरू नये. चिमट्यांवर तेजाबाचा अंश राहिलेला असतो, तो सोड्याच्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग तेल लावावे. अन्यथा त्याच खोक्यातल्या पोलादी वस्तू गंजतात आणि पितळ हिरवे पडते. दुकानात तेजाबाच्या उरलेल्या बाटल्या असतील तर त्या सामानात अजिबात घालू नयेत, कितीही घट्ट बुचाच्या असोत. त्या तिथल्याच एखाद्या गलाई व्यावसायिकाला हाताने नेऊन द्याव्यात.